लायमनच्या गाडीचा हौदा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सुरुवात केली की मधेच खुसखुस चालणार नाही. आणि ज्याला बाहेर जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं, मागाहून सोबत मागायची नाही.

तर तुम्हाला लायमन स्टिडमची ती लष्करी गाडी आपल्या बंबखान्यासाठी हवीय. गाडी झकास आहे, नाही कोण म्हणतं? डिझेल घाला, रॉकेल घाला, जुनं काळं तेल घाला, इंजिन हूं की चूं करत नाही. लायमन देईलही. फुकटसुद्धा देईल. पण आधी ऐका, आणि मग रात्री तिच्यात कोण बसणार ते तुमचं तुम्ही ठरवा. ही ऐकीव गोष्ट नाही. गाडीचा मागचा, माल भरायचा हौदा चढवायला नेलेली चेन कप्पी माझी होती. ती परत द्यायला आला तेव्हा लायमननं मला सगळं सांगितलं. एकदाच. पुन्हा विचारलं तर टोपी घालून उठून गेला.

लायमनला तुम्ही सगळे ओळखता. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त केलेला गडी. देवाधर्माचं म्हणाल तर रविवारी चर्चमध्ये दिसतो तो बायकोच्या धाकानं. भुताखेतांचं नाव काढलं की म्हणायचा, "मेलेल्यांनी माझं काय वाकडं केलंय? पगार कापला तो जिवंतांनी." असा माणूस.

त्याची बायको इर्मा. तिची मूत्रपिंडं गेलेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला शहरात डायलिसिसच्या केंद्रावर तिची खुर्ची ठरलेली. आणि जुलैच्या पुरात ह्यांच्या खोऱ्याच्या तोंडावरचा पूल गेला वाहून. उरली ती ओढ्यातली जुनी काँक्रीटची फरशी. पाणी कमी असलं की तिच्यावरून पिकअप जायची. पाऊस झाला की संपलं, आतले आत आणि बाहेरचे बाहेर. नवा पूल कधी? म्हणे कागद वर गेलेत. कागद वरच असतात, पाणी खाली असतं.

म्हणून लायमननं लिलावातून ती लष्करी गाडी आणली. चाकं बघितलीत ना, कमरेएवढी. पण दहा चाकांची ती लांबलचक गाडी त्याच्या घराच्या वळणावर वळेना. मग आपल्याकडे करतात तेच त्यानंही केलं. मागचा एक एक्सल काढून टाकला आणि चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, सव्वा हात, दीड हात नव्हे, चांगली अडीच हात कापली. आता आखूड चॅसीवर मूळचा लांब हौदा कसा बसणार? त्याला लागतो लष्करी ट्रेलरचा हौदा. तो अगदी मापात बसतो, जणू त्यासाठीच केलेला.

तसला एक ट्रेलर डोंगरापलीकडच्या एका शेतकऱ्याकडे पडून होता. तेरा नोव्हेंबरला, सोमवारी, लायमन तो आणायला गेला. शेतकरी बोलाचालीला गोड. कॉफी दिली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पण ट्रेलर पिकअपला जोडायची वेळ आली तर बाबा ओट्यावरून खाली उतरेना. लायमन म्हणाला, "अहो, जरा मागे उभं राहून सांगा की किती घेऊ ते." तर म्हणाला, "तुमचं तुम्ही घ्या. त्याच्या मागं मी नाही जात." लायमनला वाटलं, आळशी आहे. जोडला आणि घेऊन आला.

मंगळवारी पाऊस लागला. ओढा फुगला, पिकअप निघेना, इर्माची खुर्ची चुकली. तिकडून नर्सचा फोन आला. "लायमन, नीट ऐक. गुरुवार चुकवायचा नाही. कसाही ये, उडत ये, पण तिला आण." इर्माचे पाय सुजून लाकडासारखे झाले होते. आडवी झाली की दम लागायचा, म्हणून मागे उशा लावून रात्रभर बसून काढायची.  गुरुवारी पहाटेपर्यंत हौदा चढला पाहिजे आणि गाडी ओढा ओलांडून गेली पाहिजे. बाकी काही लायमनला दिसत नव्हतं.

बुधवारी दिवसभर हॉबर्ट मदतीला होता. हॉबर्ट म्हणजे इर्माचा भाऊ, खोऱ्यात वरच्या अंगाला राहतो. ऐन जवानीत ह्याच गाड्या लष्करात चालवलेला. चॅसीला मागचा आडवा पट्टा वेल्ड केला, वरून ओकच्या लाकडाच्या पट्ट्या टाकल्या, भोकं पाडली. आणि हातांपेक्षा हॉबर्टचं तोंड जास्त चालू.

"हे बघ, पुढच्या चार बोल्टांना स्प्रिंगा घाल. खड्ड्यात चॅसी पीळ खाते. हौदा घट्ट आवळलास तर ठोकत बसेल."

"घालतो."

"आणि गाडी मागे घेताना मागे माणूस पाहिजे. आमच्यात कायदाच होता. हौद्यावर एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. ठोका ऐकला की का म्हणून विचारायचं नाही."

"बरं, साहेब."

"हसू नकोस. अंधारात पुढे चालून वाट दाखवणारा असतो ना, त्यानं गाडीकडे तोंड करून उलटं कधीही चालायचं नाही. टाच अडकते, पडतो, आणि वर बसलेल्याला पत्ताच लागत नाही. म्हणून वाटाड्या दिसेनासा झाला की ब्रेक. त्याच क्षणाला."

लायमन म्हणाला, "चाळीस वर्षं झाली सुटून, तरी हुकूम सुटेनात तुझे. घरी बायकोसमोर बोलून दाखव एखादा."

"तिच्यासमोर मी वाटाड्यासुद्धा नाही, तिथं मी चाक आहे," हॉबर्ट म्हणाला. दोघंही पोट धरून हसले. ते शेवटचं हसू.

सात वाजता हॉबर्टची कंबर धरली, तो घरी गेला. लायमन एकटा राहिला. इर्मा आत, उशांना टेकून.

रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं. गोठ्याच्या तुळईला माझी कप्पी बांधलेली, हौदा साखळीला लटकलेला, खाली चॅसी. लायमननं हौदा खाली घेतला, पट्ट्यांच्या वर बोटभर राखला. आता हौद्याचं भोक आणि चॅसीचं भोक एका रेषेत आलं की बोल्ट आत. तुम्ही हे काम केलंय, एकट्यानं होत नाही. एकानं खालून भोकात बघायचं, दुसऱ्यानं हौदा ढकलायचा. लायमन बाहेर येऊन पहारीनं हौदा रेटायचा, मग खाली सरपटून बॅटरीनं बघायचा. जास्त गेला. पुन्हा बाहेर. कमी आला. पुन्हा आत. असं तासभर. शेवटी वैतागून मोठ्यानं म्हणाला, "अरे, कुणीतरी सांगा रे बाबांनो किती राहिलंय ते!"

आणि पलीकडून, फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या बाजूनं, फळ्यांवर दोन ठोके पडले.

ठक. ठक.

त्याला वाटलं हॉबर्ट परत आला. बरं झालं, म्हणत त्यानं पहार लावली. दोन ठोके. रेटली. दोन ठोके. अजून रेटली. एक ठोका. तो थांबला. खाली जाऊन बघितलं तर भोकावर भोक. बारा बोल्ट, बाराही सरळ आत गेले. एकाला हातोडी लागली नाही.

"शाबास रे गड्या!" म्हणत तो फाळक्याकडे गेला.

तिथे कोणी नव्हतं. बाहेर चिखल, आणि चिखलात ताजं पाऊल एकही नाही.

त्यानं हॉबर्टला फोन लावला. "तू आत्ता इथं होतास?"

"मी इथं घेवडा आणि मक्याचा पाव खातोय. का?"

"कोणीतरी ठोके देत होतं."

"स्प्रिंगा घातल्यास का?"

"घातल्या."

"मग लाकूड गारठलं असेल. झोप जा, लायमन. पहाटे निघायचंय तुला."

झोप कसली लागतेय! दाराशी खुर्ची टाकून तो गोठ्याकडे बघत बसला.

सोळा नोव्हेंबर, गुरुवार. पहाटेचे पावणेचार. पाऊस रिपरिप चालूच. लायमननं इर्माला उचलून गाडीत बसवलं. त्या गाडीत चालवणाऱ्याची खुर्ची वेगळी आणि शेजारी दोघांचं बाकडं असतं. इर्मा खिडकीपाशी बसली, अंगावर गोधडी. तिच्या श्वासाची शिट्टी इंजिनच्या आवाजातूनसुद्धा ऐकू येत होती. लायमननं निघण्यापूर्वी हौद्यात बॅटरी मारून बघितली. रिकामा. फाळका लावला, दोन्ही कड्या अडकवल्या.

ओढ्याशी आले. पाणी तांबडं, फुगलेलं. दिव्यांचा पिवळा उजेड पाण्यावर पडला, तर फरशी कुठं आणि पात्र कुठं काही कळेना.

"जाईल ना रे?" इर्मानं विचारलं.

"ह्यासाठीच तर केली."

पण त्याचा पाय काही क्लचवरून उठेना. तेवढ्यात मागून...

ठक. ठक.

"मागं काही पडलं का?"

"स्प्रिंगा बसतायत," तो म्हणाला. खोटं बोलला. गाडी उभी होती. उभ्या गाडीत कसल्या स्प्रिंगा बसतात?

त्यानं गाडी पाण्यात घातली. पाणी चाकाच्या मधल्या तुंब्याला लागलं. वर चढलं. दहा हात गेले असतील, आणि उजेडात माणूस दिसला.

गाडीच्या पुढं. मांडीएवढ्या पाण्यात. गाडीकडे तोंड करून. उलटा चालत होता.

अंगात लांब कोट. उजवा हात वर, बोटं हलत होती. ये. ये. ये. दोन दिवे त्याच्यावर होते, पण तोंड काही दिसत नव्हतं. तिथवर उजेड जातच नव्हता.



"हॉबर्ट आहे का रे तो?" इर्मा म्हणाली. "वेडा आहे का? ह्या पाण्यात?"

म्हणजे तिलाही दिसत होता.

लायमन कात्रीत सापडला. थांबावं, तर मागं ठोके देणारा तो. जावं, तर पुढं हा. आणि शेजारी ती शिट्टी, आता तुटक तुटक. गुरुवार चुकवायचा नाही. तो चालला. माणूस मागं मागं. गाडी पुढं पुढं. ये. ये...

माणसाची टाच अडकली. हात वर गेले. आणि तो गेला. पाण्याखाली. गाडीच्या नाकासमोर.

लायमननं ब्रेकवर दोन्ही पाय दाबले.

"घातलीस रे! त्याच्या अंगावर घातलीस!" इर्मा किंचाळली.

मग काहीच नाही. पाण्याचा आवाज. पाऊस.

तो उतरला. का उतरला, त्यालाही सांगता येत नाही. माणूस चाकाखाली गेला असेल तर बघायला नको? पाणी मांडीपर्यंत, बर्फासारखं. एका हातात बॅटरी, एका हातात पहार. चाकापुढं हात घालून चाचपलं. कोट नाही. पाय नाही. काही नाही. मग पहार पुढं टेकवायला गेला... आणि टेकलीच नाही. फरशी तिथं संपली होती. काँक्रीटचा अख्खा तुकडा वाहून गेलेला. पहार पुरी आत गेली, तरी तळ नाही. अजून हातभर गाडी गेली असती तर इर्मासकट उलटी होऊन पडली असती.

तो तसाच गाडीला धरून धरून मागं आला, वर चढला. दातावर दात आपटत होते.

इर्मा बाकड्यावर सरकून त्याच्या अगदी जवळ आली होती. खांद्याला खांदा. घाबरली बिचारी, त्याला वाटलं. त्यानं तिचा हात दाबला.

"पुढं खड्डा आहे. फरशी गेली."

 इर्माचं तोंड पलीकडं वळवलेलं, खिडकीकडं. मग हळूच म्हणाली, "मागं घे."

"मागचं दिसत नाही मला."

"मागं घे. सरळ."

त्यानं घेतली. काळ्याकुट्ट अंधारात, उलटी, पाण्यातून.

"अजून... अजून... बस."

तो थांबला.

"आता डावीकडे. वरच्या अंगानं. खाली खडक आहे म्हणे."

"तुला काय माहीत?"

"घे ना रे."

इर्मा ह्याच ओढ्यावर लहानाची मोठी झालेली. लायमनला वाटलं, तिला ठाऊक असणार. त्यानं चाक वळवलं. पुढचं चाक कशावर तरी कडक चढलं. खडकच होता. पाणी खाली खाली गेलं. पलीकडचा काठ आला, गाडी वर निघाली, रस्त्याला लागली, तेव्हा लायमनच्या जिवात जीव आला. आणि तो रडला. सत्तरीला आलेला माणूस, चाक धरून हमसून हमसून रडला. इर्मा तशीच त्याच्या खांद्याला लागून बसलेली. 

पाच वाजून वीस मिनिटांनी केंद्राच्या दारात गाडी लागली. नर्स चाकाची खुर्ची घेऊन धावत आली. लायमन वळसा घालून पलीकडं गेला आणि इर्माच्या बाजूचं दार उघडलं.

इर्मा बाकड्याच्या मधोमध होती. कडेची जागा मोकळी.

"अगं, आता तरी सरक. संपलं सगळं. किती चिकटून बसलीस!"

"मग बसू कुठं? जागा होती का?"

लायमननं कडेच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"तू चाकाखाली बघायला उतरलास ना, तेव्हा दारावर टकटक झाली. दोनदा. मी उघडलं. एवढ्या पाण्यात पडलेला माणूस, त्याला काय बाहेर ठेवायचं? म्हटलं, ये रे बाबा, आणि सरकले." ती दम घेत थांबली. "नवल वाटलं मला. गार होता, पण भिजला नव्हता जराही."

"इर्मा... मागं घे, डावीकडं घे... ते तू सांगत होतीस ना?"

"मला कुठं दिसत होतं काही? तो कानात सांगायचा, ते मी तुला सांगायची."

नर्सनं तिला खुर्चीत घेतलं आणि आत नेलं. वेळेवर पोचली, सुया लागल्या, यंत्र चालू झालं. ती वाचली. त्या दिवशी वाचली म्हणून आज तुम्हाला चर्चच्या जेवणात तिच्या हातचा ॲपल पाय मिळतो, हे लक्षात ठेवा.

लायमन मात्र गाडीपासून वीस पावलांवर पावसात उभा राहिला. दार सताड उघडं ठेवलेलं. जो कोण बसलाय त्यानं उतरावं म्हणून. एक तास. दोन तास. उजाडलं. कोणी उतरलं नाही. कोणी दिसलंही नाही.

साडेनऊला इर्माला बाहेर आणलं. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. लायमननं तिला वर चढायला हात दिला. ती चढली, कडेची जागा सोडली आणि मधोमध जाऊन बसली.  लायमन दार लावायला म्हणून वाकला, तेव्हा त्याची नजर पायरीवर गेली.

लोखंडी पायरीवर पहाटेपासून पाऊस पडत होता, पाण्याचे ओघळ चालले होते. त्या पाण्याखाली लष्करी बुटांचे दोन ठसे होते. पांढऱ्या धुळीचे, पिठासारख्या बारीक, आपल्या ह्या मुलखात कुठंही नसलेल्या, वाळवंटातल्या असावी तशा धुळीचे. लायमननं बोट लावलं. धूळ कोरडी होती. दोन्ही ठसे आत जाणारे. बाहेर येणारा एकही नव्हता.